हेडफोन घेण्यापूर्वी

मे महिन्याच्या सुट्टीत मी रायपूरला घरी गेलो, तेव्हा आजोबांनी माझ्या हातावर दोन हजार रुपये ठेवले. नववीचा निकाल चांगला लागला म्हणून. "तुला हवं ते घे, पण टिकणारं घे," एवढीच त्यांची अट होती. मला काय हवे ते आधीच ठरलेले होते : हेडफोन. शाळेत आपल्याला फोन मिळत नाही, त्यामुळे गाणी, कथावाचन, क्रिकेटचे समालोचन हे सगळे ऐकायचे ते सुट्टीत आणि प्रवासात. माझा प्रवास एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस इतका असतो. दुर्ग, राजनांदगाव, गोंदिया, नागपूर अशी स्टेशने मागे पडत जातात आणि स्लीपरच्या डब्यात ऐकायला असतो तो चाकांचा खडखडाट आणि शेजारच्या काकांच्या फोनमधला कार्यक्रम.

रायपूरमध्ये मोबाइल आणि त्याचे सामान घ्यायचे म्हणजे जयस्तंभ चौकाजवळचे रवी भवन. बाबांबरोबर मी तिथे गेलो आणि चार दुकाने फिरलो. चारही ठिकाणी एकच वाक्य ऐकले, "भैया, बेस सुनो, बेस!" दुकानदार कानात काहीतरी घालायचा, धाडधाड वाजवायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. मला सगळेच चांगले वाटले. चांगले आणि वाईट कशावरून ओळखायचे हेच मला माहीत नव्हते. त्या दिवशी आम्ही काहीच न घेता परतलो. ते बरेच झाले, कारण दोन दिवसांनी जे घडले त्यामुळे माझा प्रश्नच बदलला.

बूढा तालाबची सकाळ

आजोबा रोज पहाटे बूढा तालाबला फिरायला जातात. सुट्टीत मीही बरोबर जातो. ते चालतात आणि मी पळतो, म्हणजे शाळेत परतल्यावर उस्तादांसमोर दम लागत नाही. त्या दिवशी मी ताईचे जुने इअरफोन घालून पळत होतो. रस्त्यावरच्या गाड्यांमुळे गाणे नीट ऐकू येईना, म्हणून आवाज वाढवला होता.

आजोबांना मागे टाकून मी वीस-पंचवीस पावले पुढे गेलो असेन. त्यांचा पाय फरशीच्या कडेवरून घसरला आणि ते पडले. त्यांनी मला दोनदा हाक मारली. मी पळतच राहिलो. एका चहावाल्या काकांनी धावत येऊन त्यांना उठवले. मी पूर्ण फेरी मारून आलो, तेव्हा आजोबा बाकावर मनगट धरून बसले होते. हाड मोडले नव्हते, मनगट मुरगळले होते. पण मला मान वर करता येईना.

आजोबांना ऐकायला कमी येते. त्यांची पंचवीस वर्षे लोखंडाच्या एका कारखान्यात गेली. त्या काळी कानाला काही लावायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. ते रागावले नाहीत. घरी येताना रिक्षात एवढेच म्हणाले, "मला ऐकू येत नाही, तो माझा नाइलाज आहे. तुला ऐकू आलं नाही, ते तू पैसे देऊन घेतलेलं."

खरे तर पैसे अजून द्यायचे होते. म्हणून मी ठरवले की आधी समजून घ्यायचे आणि मगच खरेदी करायची. जे समजले ते इथे लिहितो.

आपण आवाज का वाढवतो?

सर्वांत आधी मी एक साधा प्रयोग केला. बाबांच्या जुन्या फोनमध्ये आवाजाच्या १५ पायऱ्या आहेत. एकच कथावाचन घेतले. शब्द न् शब्द स्पष्ट कळेल इतका आवाज ठेवायचा आणि पायरी वहीत लिहायची. तीन इअरफोन होते. पहिला ताईचा, कडक प्लॅस्टिकचा, रबर नसलेला. दुसरा बाबांचा, वायरचा, कानात घट्ट बसणाऱ्या रबरी टोप्यांचा. तिसरा आतेभावाचा, बिनवायरचा आणि आजूबाजूचा आवाज यंत्राने कमी करणारा.

पहाटेच्या शांत खोलीत ताईच्या इअरफोनला पाचवी पायरी पुरली. खोलीत कूलर लावल्यावर सातवी लागली. संध्याकाळी जयस्तंभ चौकात अकरावी आणि दुर्गला आत्याकडे जाताना लोकलमध्ये बारावी. बाबांच्या रबरवाल्या इअरफोनला त्याच चार ठिकाणी चार, पाच, सात आणि आठ. आतेभावाच्या इअरफोनला चार, चार, सात आणि सहा.

प्रत्येक इअरफोन सारख्या पायरीवर सारखाच मोठा वाजत नाही. म्हणून हे आकडे एकमेकांशी ताडू नयेत, प्रत्येकाची वाढ तेवढी पाहावी. ताईचा इअरफोन सात पायऱ्या वर चढला, बाबांचा चार आणि आतेभावाचा तीन. म्हणजे आवाज वाढवायला मला गाण्याने भाग पाडले नव्हते, बाहेरच्या गोंगाटाने भाग पाडले होते. गोंगाट जितका आत येतो, तितके आपण गाणे त्याच्यावर चढवतो. दुकानात शांतपणे उभे राहून बेस ऐकण्यात ही गोष्ट कधीच कळत नाही.

गोंगाट अडवण्याच्या दोन रीती

पहिली रीत म्हणजे दार लावून घेणे. कानाच्या नळीत रबरी किंवा फोमची टोपी नीट बसली की बाहेरचा आवाज आत कमी येतो. यात बॅटरी लागत नाही, पण टोपी आपल्या मापाची हवी. डब्यात लहान, मध्यम, मोठी अशा तीन जोड्या मिळतात. बहुतेक जण बसवून आलेली मधलीच वापरतात. माझ्या डाव्या कानाला मधली टोपी बसते आणि उजव्याला लहान, हे मला बदलून पाहिल्यावरच कळले. टोपी सैल असली की बेसही गळतो. दुकानात जे इअरफोन पुचाट वाटतात, त्यांचा दोष कित्येकदा टोपीच्या मापाचा असतो.

दुसरी रीत यंत्राची. आवाज म्हणजे हवेच्या दाबाची लाट. त्या लाटेच्या बरोबर उलटी लाट तयार करून तिच्यावर सोडली, तर दोन्ही एकमेकींना खोडतात. या कल्पनेचे अमेरिकन पेटंट पाऊल ल्यूग या जर्मन संशोधकाला १९३६ मध्ये मिळाले. हेडफोनमध्ये तिचा उपयोग करण्याचे मोठे काम अमर बोस यांनी केले. त्यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक होते आणि पुढे अमेरिकेत गेले. १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला परतताना बोस यांना विमानात हेडफोन मिळाले, पण इंजिनाच्या घरघरीत संगीत बुडून गेले. त्याच प्रवासात त्यांनी गणित मांडायला सुरुवात केली. १९८६ मध्ये 'व्हॉयेजर' या विमानाने वाटेत न उतरता आणि इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या नऊ दिवसांच्या उड्डाणात दोन्ही वैमानिकांनी अशा हेडसेटचे प्राथमिक नमुने वापरले होते. १९८९ मध्ये तो वैमानिकांसाठी विक्रीला आला. बाजारात आज ज्याला 'एएनसी' म्हणतात ते हेच. हवाईदलात जायचे स्वप्न पाहणाऱ्या माझ्या मित्रांना हे वाचून आनंद होईल.

पण एएनसीची मर्यादाही लक्षात घ्या. पंखा, कूलर, इंजिन, रेल्वेची सलग घरघर असे खालच्या पट्टीचे, एकसारखे आवाज ते चांगले खोडते. हॉर्न, बाळाचे रडणे, चहावाल्याची आरोळी असे अचानक येणारे आणि वरच्या पट्टीचे आवाज त्याला तितके जमत नाहीत. माझ्या वहीतही तेच दिसते. आतेभावाच्या इअरफोनला लोकलमध्ये सहावी पायरी पुरली, पण हॉर्नच्या गर्दीत, चौकात, सातवी लागली.

कानाचे गणित

कानाच्या आत, गोगलगायीच्या शंखासारख्या भागात, आवाज टिपणाऱ्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. प्रत्येक कानात त्या सुमारे पंधरा हजार. एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. वरच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशी असतात आणि गोंगाटाने आधी त्याच जातात. म्हणून आजोबांना माणूस बोलतोय हे कळते, पण 'स', 'श', 'फ' ही अक्षरे निसटतात. 'सात' म्हटले की ते विचारतात, "आठ?" आम्ही पूर्वी याला हसायचो.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. यात तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतील 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब असा : ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, ८८ चा ४ तास, ९१ चा २ तास, ९४ चा १ तास आणि १०० डेसिबलचा फक्त १५ मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना गाणी ऐकणाऱ्यांसाठी आणखी जपून सांगते. मोठ्यांना ८० डेसिबलने आठवड्याला ४० तास आणि मुलांना ७५ डेसिबलने ४० तास. फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवा, असाही तिचा सल्ला आहे. माझ्या १५ पायऱ्यांचे साठ टक्के म्हणजे नववी पायरी. लोकलमध्ये मी बारावीवर होतो.

ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखे वाटले किंवा लोकांचे बोलणे दबलेले वाटले, तर ती कानाची सूचना असते. ती काही वेळाने जाते, म्हणून आपण विसरतो. पण तेच रोज घडू लागले तर नुकसान कायमचे होऊ शकते.

आपल्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. एनडीएची लेखी परीक्षा, मग एसएसबी, मग वैद्यकीय तपासणी. त्या तपासणीत उमेदवाराला पाठमोरे उभे करतात आणि ६१० सेंटीमीटरवरून, म्हणजे सुमारे वीस फुटांवरून, कुजबुजत बोललेले शब्द प्रत्येक कानाने वेगवेगळे ऐकू यावे लागतात. कुजबुजीत घशाचा कंप नसतो, असतात ती बहुतेक 'स', 'श', 'फ' सारखीच हवेची अक्षरे. गोंगाटाने आधी जी जातात तीच. दौड, पुलअप्स, गणित या सगळ्यांची तयारी वर्षभर करता येते. गेलेले कान मात्र तयारी करून परत येत नाहीत.

कोणता प्रकार कोणासाठी?

रबर नसलेले इअरफोन घरातल्या शांत खोलीत ठीक आहेत. प्रवासात ते आवाज वाढवायला लावतात.

रबरी टोपीचे, कानात बसणारे इअरफोन रेल्वे आणि बससाठी सर्वांत सोयीचे. छोटे, स्वस्त आणि गोंगाट अडवणारे.

कान पूर्ण झाकणारे मोठे हेडफोन आरामदायक असतात आणि आवाजही मोकळा वाटतो. पण बॅगेत जागा खातात आणि रायपूरच्या मे महिन्यात दहा मिनिटांत कानाला घामाची आंघोळ घालतात. नागपूर, जळगावच्या मित्रांना वेगळे सांगायला नको.

नेकबँड मानेत अडकलेला राहतो, हरवत नाही. सुटे बिनवायरचे इअरबड्स दिसतात छान, पण वरच्या बर्थवरून एक खाली पडला की तो शोधायला अख्खा डबा उठवावा लागतो. शिवाय त्यांची बॅटरी काही तासांनी उतरते आणि डबीत ठेवून पुन्हा भरावी लागते.

कानाची नळी उघडी ठेवणारे किंवा गालाच्या हाडातून आवाज पोचवणारे हेडफोनही मिळतात. पळताना बाहेरचे ऐकू यावे म्हणून ते केलेले असतात. पण गोंगाटात आवाज वाढवला तर आतल्या पेशींवर ताण तोच पडतो.

डब्यावरचे आकडे

'ड्रायव्हर १२ एमएम' असे ठळक लिहिलेले असते. ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा पडदा. तो मोठा म्हणजे आवाज चांगला, असे नाही. वायरच्या इअरफोनसाठी १६ ते ३२ ओहम अवरोध असला की फोन तो सहज वाजवतो. 'आयपीएक्स ४' म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेल्या शिंतोड्यांपासून संरक्षण, घामाला एवढे पुरते. त्याचा अर्थ पाण्यात बुडवला तरी चालेल, असा नाही. बिनवायरचे घेत असाल तर डब्यावर बीआयएसचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक पाहा. फोनला गोल ३.५ मिलिमीटरची खोबण आहे की फक्त टाइप-सी, हे घरूनच बघून जा. बिल आणि वॉरंटी मागून घ्या.

दुकानात ऐकून पाहताना आवाज अर्ध्यावर ठेवा. मोठ्याने वाजवले की कोणताही इअरफोन चांगलाच वाटतो. तुमच्या ओळखीचे एक गाणे आणि एक बोलणे, दोन्ही ऐका. बोलणाऱ्याचे 'स' आणि 'श' स्पष्ट आले पाहिजेत, पण कानाला टोचता कामा नयेत. मग दुकानाच्या दारात, रस्त्याच्या आवाजात उभे राहा. तिथे किती पायऱ्या वाढवाव्या लागल्या ते मोजा. ही परीक्षा फुकट आहे आणि तीच खरी आहे.

मी काय घेतले?

मी रबरी टोप्यांचा, वायरचा इअरफोन घेतला. आठशे रुपयांच्या आत आला. एएनसीचा मोह झाला होता, पण त्या किमतीत टिकाऊपणाची खात्री वाटली नाही. वायरचा इअरफोन चार्ज करावा लागत नाही आणि बर्थवरून हरवत नाही. शिवाय वायर दिसते, म्हणजे समोरच्याला कळते की याला हाक ऐकू येणार नाही, खांद्यावर हात ठेवायला हवा.

१९७९ च्या जुलैमध्ये सोनी कंपनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये विक्रीला आला. त्याला एक नारिंगी बटण होते. ते दाबले की संगीत हळू व्हायचे, छोटा मायक्रोफोन सुरू व्हायचा आणि शेजारच्याचे बोलणे हेडफोनमध्ये ऐकू यायचे. चालता-फिरता संगीत ऐकण्याचे यंत्र बनवणाऱ्यांनाही पहिल्याच दिवशी ही काळजी वाटली होती. आजच्या महाग इअरबड्समध्ये हीच सोय वेगळ्या नावाने असते. माझ्या इअरफोनला ते बटण नाही, म्हणून ते काम मीच करतो. माझे नियम असे : आवाज सातव्या पायरीच्या वर नाही. तासाभराने दहा मिनिटे कान मोकळे. रस्त्यावर, सायकलवर, रूळ ओलांडताना आणि प्लॅटफॉर्मवर इअरफोन खिशात. झोपताना कानात नाही. आपला इअरफोन दुसऱ्याला द्यायचा नाही आणि दुसऱ्याचा आपल्या कानात घालायचा नाही, कारण कानाचा संसर्ग असाच फिरतो. प्रयोगासाठी मी हा नियम मोडला, पण टोप्या पुसून घेतल्या होत्या.

उरलेल्या पैशांतून आजोबांच्या श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या आणल्या. नारिंगी पट्टीच्या, १३ नंबरच्या. पट्टी सोलली की हवा लागते आणि बॅटरी सुरू होते, म्हणून लागेल तेव्हाच सोलायची. बॅटऱ्या महाग वाटतात म्हणून ते यंत्र निम्मा दिवस काढून ठेवायचे, हे मला या सुट्टीतच कळले.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पुन्हा बूढा तालाबला गेलो. आजोबांच्या मनगटाला पट्टी होती आणि कानात यंत्र. मी पळालो, पण इअरफोन घरी ठेवून. पहाटे तिथे किती आवाज असतात हे मला प्रथमच कळले : बगळे, झाडूवाल्या मावशींचा खराटा, लांबून येणारी देवळाची घंटा. तिसऱ्या फेरीला मागून आजोबांनी हाक मारली, अगदी साध्या आवाजात. मी लगेच वळलो.

"काही नाही," ते म्हणाले, "बघत होतो."